मिठाचे माहेर

दिवाळीच्या अंकात गोडाधोडाचे लिहावे, अशी आपल्याकडे रीत आहे. मी मात्र मिठाविषयी लिहायला बसले आहे. वाचकांनी राग मानू नये. ज्या घरात चकल्या होतात त्या घराला मिठाचे महत्त्व मी सांगायला नको. माझ्या सासूबाई चकलीचे पीठ भिजवले की चिमूटभर जिभेवर ठेवीत, डोळे मिटीत आणि नुसते "हं" म्हणत. ते "हं" ऐकल्याशिवाय कढई तापत नसे.

माझ्या माहेरी मात्र दिवाळीच्या दिवसांत मिठाचे नाव कोणी मोठ्याने काढीत नसे. कारण पाऊस सरला, उन्हे कोरडी झाली, सकाळी जरा गारवा पडू लागला, की नेमके त्याच सुमारास आमच्या शेताला मीठ फुटे. अंगणात रांगोळी आणि खालच्या रानात ही दुसरी रांगोळी. आम्हा मुलांना तिची मोठी मौज वाटे. त्या पांढऱ्या पापुद्र्यावर अनवाणी चालले की पायाखाली कुरकुर वाजे. एकदा मी ते बोटाने उचलून चाटले. खारट तर लागलेच, वर तुरट, साबणासारखे. थू थू करीत घरी आले, तेव्हा आजी म्हणाली, "चाटू नये बाई. जमिनीला घाम आलाय तो. लई राबवली तिला."

माझे माहेर अहिल्यानगर जिल्ह्यातले, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला आपण अहमदनगर म्हणत होतो त्या जिल्ह्यातले. श्रीरामपूर तालुका, प्रवरेचा डावा कालवा. आमचा मुलूख पावसाच्या पाठीमागे पडलेला. ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होतात आणि आमच्या वाट्याला त्यांचा गडगडाट तेवढा येतो. भंडारदऱ्याला प्रवरा अडवून बांधलेले धरण १९२६ साली पुरे झाले, पाट भरून वाहू लागले आणि ज्या रानांना ज्वारी-बाजरीपलीकडे काही ठाऊक नव्हते त्यांत ऊस डुलू लागला. १९५० मध्ये प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना निघाला. "पाट आला नि अंगावर धड लुगडं आलं," असे आजी म्हणे. तेव्हा पाटाला नावे ठेवण्याचा माझा मुळीच विचार नाही. त्याच पाटाच्या पाण्यावर माझी शाळेची फी भरली गेली आहे.

पण पाण्याला आल्यावर जायलाही लागते, ही गोष्ट त्या भरल्या दिवसांत कोणाच्या ध्यानात आली नाही. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, पाळी आली की रात्रभर रानात. पाणीपट्टी एकरावर आणि पिकावर. घागरी मोजून नव्हे. मग हात आखडता कोण घेणार? शिवाय पुढची पाळी वेळेवर येईलच याची खात्री नाही. तहानलेल्या माणसाने दोन्ही हातांनी प्यावे तसे आमचे रान पाणी पीत असे.

आमचे खालचे दोन एकर लवणात होते. आमच्याकडे रानातल्या सखल भागाला लवण म्हणतात. पूर्वी वरचे सगळे पाणी त्या लवणातून सरत सरत खालच्या रानात जाई आणि तिथून ओढ्याला मिळे. पुढे अण्णांची आणि त्यांच्या धाकट्या भावाची, आमच्या तात्यांची, वाटणी झाली. वरचे रान अण्णांकडे आले, ओढ्याकडेचे तात्यांकडे गेले. बांधावर एक लिंबाचे झाड होते. ते कोणाचे, यावरून बोलाचाली झाली. झाड जागच्या जागी राहिले, बोलणे तेवढे तुटले. तात्यांनी बांध उंच केला आणि लवणाचे तोंड बुजले. पाण्याला वाट हवी तर तात्यांच्या रानातून चर काढायला हवा. चर काढायचा तर तात्यांना विचारायला हवे. अण्णा म्हणत, "मीठ खाऊन राहीन, पण त्याच्या दारात जाणार नाही."

आणि खरोखरच मीठ खायची वेळ आली. आधी उसाचे शेंडे पिवळे पडले. मग बी उगवेना. पाऊस पडला की पाणी वरच्यावर थांबे, आत जिरत नसे. वाळले की ढेकूळ असे टणक होई की कुदळ उसळावी. आमच्याकडे अशा जमिनीला चोपण म्हणतात. २०१६ मध्ये अण्णा गेले, तेव्हा ते दोन एकर आमच्या घरातल्या न बोलायच्या गोष्टींपैकी एक होऊन बसले होते.

आता मी लोणारला कशी पोचले ते सांगते.

माझे शिक्षण बेताचे. दहावी, म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेत मॅट्रिक. एका लहानशा खाजगी शाळेत मी मुलांना शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. २०२३ च्या जानेवारीत आमच्या शाळेची सहल बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला गेली. जालना, सिंदखेडराजा करीत, जिजाऊंच्या माहेरचा वाडा पाहून, आम्ही दुपार कलताना लोणारला पोचलो. गावात दैत्यसूदनाचे देऊळ आहे. लवणासुर नावाचा दैत्य इथे राहात असे, त्याला विष्णूने मारले, तळ्याचे पाणी म्हणजे त्याचे रक्त आणि त्यातला खार म्हणजे त्याचे मांस, असे तिथे सांगतात. मुलांना ही गोष्ट फार आवडली. मला त्या दैत्याच्या नावाशी थबकायला झाले. संस्कृतात लवण म्हणजे मीठ, आमच्या रानात लवण म्हणजे सखल जागा. हे दोन अर्थ एकमेकांच्या इतके जवळ राहतात, हे मला तोवर सुचलेच नव्हते.

काठावर उभे राहून खाली पाहिले आणि मुले एकदम गप्प झाली. जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीची एक कढई जमिनीत बसवली आहे, तिच्या उतारावर झाडी आहे आणि तळाशी हिरवट पाणी. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. त्याच्या कितीतरी आधी, अकबराच्या काळच्या 'ऐन-ए-अकबरी'तही तिचा उल्लेख आहे. काच आणि साबण करायचे जिन्नस इथे मिळतात असे तिथे म्हटले आहे. पुष्कळ वर्षे लोक हे ज्वालामुखीचे तोंड समजत. मग १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी इथले खडक तपासून सांगितले, की प्रचंड आघाताशिवाय दगडात असे बदल होत नाहीत. आकाशातून अशनी आदळून हे विवर झाले. केव्हा? आधी पन्नास हजार वर्षांपूर्वी असा अंदाज होता. २०११ मध्ये खडकांच्या नव्या परीक्षेतून तो आकडा पावणेसहा लाख वर्षांच्या आसपास गेला. आमच्या वाटणीच्या भांडणाला तेव्हा चाळीसएक वर्षे झाली होती, आणि आम्ही त्याला जुने म्हणत होतो!

उतरताना झाडीत मोर दिसले, वानरे दिसली. वाटेत धारेचे गोड पाणी बारा महिने गोमुखातून पडते. मुलांनी ओंजळीने प्यायले. खाली गेलो तशी झाडे बदलली, बाभळी आल्या, मग त्याही मागे राहिल्या आणि पाण्याकडेला नुसता चिखलाचा पट्टा उरला. एक दर्प नाकात शिरला. उथळ पाण्यात लांब तांबड्या पायांचे शेकाटे संथपणे फिरत होते. दूर चक्रवाकांची एक जोडी होती.

मी घरून हळदीचे पाणी लावून वाळवलेले कागद नेले होते. हा प्रयोग कोणत्याही घरात करता येईल. धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून त्यात हळद टाकून पाहा. अभयारण्यातले काही उचलायचे नाही, म्हणून पाणी न घेता कागदच काठावर टेकवला. पिवळा कागद पाहता पाहता कुंकवासारखा लाल झाला. मुलांनी टाळ्या पिटल्या. या पाण्यात मीठ आहेच, पण त्याच्या जोडीला सोडाही आहे, म्हणून ते खारट आणि साबणासारखे बुळबुळीत. समुद्राच्या पाण्यापेक्षाही त्याचा आम्लाविरुद्धचा गुण कितीतरी अधिक.

"मग बाई, यात कोणीच जगत नसेल," एक मुलगी म्हणाली.

तिला मी पाण्याचा हिरवा रंग दाखवला. तो रंग म्हणजेच जीव. डोळ्यांना न दिसणारी शेवाळे आणि जिवाणू, ज्यांना गोड्या पाण्यात करमत नाही. मिठाचे हेच त्यांचे माहेर. २०२० च्या जूनमध्ये हे तळे एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा वर्तमानपत्रांतून केवढा गाजावाजा झाला होता! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाणी तपासले गेले आणि उलगडा झाला. उन्हाने पाणी आटले, खार दाट झाला आणि दाट खारात रमणारे सूक्ष्म जीव माजले. गुलाबी रंग त्यांचाच. पुढे पाऊस पडला आणि रंग ओसरला. त्याच वर्षाच्या अखेरीस लोणारचे नाव रामसर करारातल्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत गेले.

मग एका मुलाने तो प्रश्न विचारला. अभ्यासात यथातथाच, पण शेतकऱ्याचा पोर. म्हणाला, "बाई, वरून धार येते, पावसाचं पाणी येतं. मग ह्यातलं पाणी जातं कुठं?"

"कुठंच नाही," मी म्हटले. "ऊन लागतं, वाफ होते. पाणी वर जातं, मीठ खाली राहतं."

हे वाक्य मी वर्गात किती वेळा उच्चारले असेन! राजस्थानात सांभर सरोवर आहे, आपल्या देशातले खाऱ्या पाण्याचे सर्वांत मोठे अंतर्गत सरोवर. मेंढा आणि रूपनगढ या नद्या त्यात येतात, बाहेर एकही जात नाही. मृत समुद्रात जॉर्डन नदी येते, बाहेर कोणी जात नाही. नकाशावर काठी टेकवून मी हे शिकवले आहे. गोडे म्हणतो त्या पाण्यातही खडकाचा, मातीचा कणभर खार असतोच. वाहते राहिले तर तो कण समुद्राला जातो. कोंडले तर कणाकणाने साठतो. वाळवंटातल्या खाऱ्या तळ्यांचे सगळे गूढ एवढेच. लोणार काही वाळवंटात नाही; पण त्याला चहूकडून उंच बांध आहे, आणि बांधाने जे होते ते तिथे झाले आहे.

मी ते वाक्य बोलले आणि माझ्या डोळ्यांपुढे लोणार राहिले नाही. आमचे खालचे दोन एकर आले.

परत आल्यावर मी जरा वाचायला घेतले. तेव्हा कळले, की हे आमच्याच घरचे दुःख नव्हे. पुणे जिल्ह्यातला नीरेचा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि पंचवीस वर्षांच्या आत, १९१० मध्ये, हॅरल्ड मॅन आणि ताम्हणे या दोघा शास्त्रज्ञांना नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. म्हणजे दुखणे जुने आणि निदानही जुने. काळ्या जमिनीत पाणी दिल्यावर ते खाली साठत जाते. भूगर्भातली पातळी वर येता येता मुळांशी येते. मग पणतीत वात जशी तेल वर ओढते, तसे मातीचे बारीक कण ते पाणी वर ओढतात. उन्हाने पाणी उडते आणि वातीच्या टोकाला काजळी धरावी तसे जमिनीच्या माथ्यावर मीठ धरते. सोडियमचा अंश वाढला, की मातीचे कण फुगून एकमेकांपासून सुटतात आणि पाणी जिरायच्या वाटाच बुजतात. यावर जिप्सम आहे, ताग-ढैंचासारखी हिरवळीची खते आहेत. पण सगळ्यांच्या आधी पाहिजे तो चर. पाण्याला वाट नसेल तर बाकीचे उपाय म्हणजे दार लावून घर झाडण्यासारखे.

त्या वर्षीच्या भाऊबिजेला मी माहेरी गेले. ओवाळून झाल्यावर भावाला म्हटले, "ओवाळणीत साडी नको. माझ्यासंगे तात्यांकडे चल."

तो आला नाही. अण्णांचा मुलगा तो. मग मी एकटीच हळदीचे कागद पिशवीत टाकून निघाले. वाटेत बांधावर थांबले. लिंब चांगला डेरेदार झाला होता. बांधाच्या आमच्या बाजूला पांढरे होतेच. पण वाकून पाहते तो तात्यांच्या बाजूलाही, हात-दोन हात, पांढरा पट्टा उमटला होता. कोंडलेले पाणी बांधाखालून पाझरत पलीकडे निघाले होते. त्याला कोणाची वाटणी ठाऊक!

तात्या ओसरीवर बसले होते. ऐंशीच्या घरातले, पण आवाज तोच. "काय गं पोरी, आज वाट चुकलीस?"

"वाटच मागायला आलेय तात्या," मी म्हटले. "पाण्याला."

चुलतीने आतून फराळाचे ताट आणले. मी कागद काढला, त्यांच्या रानातली पांढरी माती वाटीत पाण्यात कालवली आणि कागद बुडवला. लोणारइतका नव्हे, पण विटकरी तांबडा झालाच. तात्या बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या बापानं एकदा येऊन म्हणायचं होतं. एकदा. मी काय नाही म्हणलो असतो?"

"ते नाही म्हणाले, तात्या. मी म्हणतेय."

यावर ते काही बोलले नाहीत. माझ्या मनात आले, हेही तेवढी वर्षे बांधाच्या पलीकडे वाटच बघत होते की काय! चुलती म्हणाली, "करंजी खा गं, तशीच धरून बसलीस." मी करंजी खाल्ली. निघताना पाया पडले, तेव्हा तात्या दुसरीकडे बघत म्हणाले, "खोद म्हणावं तुझ्या भावाला चर. पर लिंबापासनं लांब घे म्हणावं. मुळं तुटतील."

२०२४ च्या मे महिन्यात चर झाला. लिंबाला वळसा घालून, पुरुषभर खोल, थेट ओढ्यापर्यंत. पहिल्या पावसात त्यातून आले ते पाणी कोऱ्या चहासारखे काळपट होते. भाऊ चराच्या काठावर उकिडवा बसून ते पाहात राहिला. मग जिप्सम टाकले, ढैंचा पेरला, गाडला. त्या रब्बीत गहू केला. सगळीकडे उगवला असे नाही; मधेमधे टकलासारख्या जागा राहिल्या. दोन एकरांत कशीबशी तीन पोती. पण ज्या रानात तणही धड उगवत नव्हते तिथली ती तीन पोती.

आमच्या रानातले मीठ ओढ्याने प्रवरेला जाते, प्रवरेचे गोदावरीला. खालच्या गावांनी आम्हाला काय म्हणावे, हा विचार माझ्या मनात येतो. पाण्याला वाट दिली म्हणजे आपली जबाबदारी संपली असे नाही. कमी पाणी देणे हे त्याहून पहिले. भावाने त्या दोन एकरांत पुन्हा ऊस न लावण्याचे कबूल केले आहे. एवढ्यापुरते मी समाधान मानते.

लोणारची मात्र उलटीच तऱ्हा. २०२५ मध्ये तिथले पाणी चढत चढत काठच्या कमळजा देवीच्या देवळात शिरल्याच्या बातम्या आल्या. ज्या पाण्यात मासा जगत नाही असे मी मुलांना सांगितले होते, त्यात मासे दिसल्याचेही वाचले. गोडे पाणी वाढले, तर तिथला लाखो वर्षांचा खार पातळ होणार आणि त्या खारात संसार थाटलेले ते अदृश्य जीव बेघर होणार. आमच्या रानाला जे मारते त्यावरच ते जगतात. मीठ वाईट नाही आणि गोडे पाणीही सरसकट चांगले नाही. कुठे काय साठू द्यायचे आणि कुठून काय जाऊ द्यायचे, एवढे माणसाला कळले म्हणजे झाले. ते कळायला मला तरी तेवढ्या लांब जावे लागले.

२०२५ च्या भाऊबिजेला तात्या आमच्या घरी आले. काठी टेकीत, लिंबाखालून. भावजयीने त्याच तीन पोत्यांतल्या गव्हाच्या खाऱ्या शंकरपाळ्या केल्या होत्या. सगळ्यांचे डोळे तात्यांच्या तोंडाकडे. त्यांनी एक शंकरपाळी दाताखाली धरली, सावकाश चावली आणि म्हणाले, "मीठ कमी पडलंय गं."

सगळ्यांत आधी हसला तो माझा भाऊ.